कळव्याची कळ कुणाच्या हाती?

हवामानबदलाचे संकट आता डिजिटल तंत्रज्ञानानेच निवारले जाईल, असा एक सूर गेली काही वर्षे सर्व बाजूंनी ऐकू येत आहे. सरकारी जाहिराती तो आळवतात, उद्योगपतींच्या परिषदांत त्याचा उच्चार होतो, आणि मध्यमवर्गाचा एक मोठा भाग त्यावर श्रद्धा ठेवून आहे. संगणक वाऱ्याचा अंदाज बांधेल, मीटर स्वतःच वीज वाचवील, मोबाइलवर पुराची सूचना येईल आणि मग समाजरचनेत काहीही न बदलता संकट टळेल, असा या प्रचाराचा मथितार्थ आहे. दुसरीकडे आपल्या चळवळीतील काही सहकारी या सर्व यंत्रसामग्रीकडे भांडवलदारांचा नवा सापळा म्हणून पाहतात आणि तिचा विचारच करण्याचे नाकारतात. या दोन्ही भूमिका अपुऱ्या आहेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. यंत्र काय मोजते, कुणासाठी मोजते आणि मोजलेला आकडा कुणाच्या ताब्यात राहतो, हे तीन प्रश्न विचारल्याखेरीज यंत्राविषयी मत बनवणे म्हणजे हवेत बाण मारणे होय.

हे प्रश्न विचारण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. ठाण्याची खाडी ओलांडली की कळवा लागते. येथून ऐरोलीकडे जाणाऱ्या ठाणे-बेलापूर रस्त्यावर ४०० केव्हीचे मोठे उपकेंद्र आहे आणि कळव्याच्याच नावाने ओळखले जाणारे राज्य भार प्रेषण केंद्र आहे. महाराष्ट्राच्या विजेचा तोल रात्रंदिवस येथून सांभाळला जातो. लोकलच्या खिडकीतून विजेचे मनोरे रोज पाहणाऱ्या हजारो प्रवाशांना या केंद्राचे काम ठाऊक नसते. तथापि, हवामानबदल आणि डिजिटल तंत्रज्ञान यांची खरी गाठ महाराष्ट्रात कुठे पडत असेल, तर ती येथेच.

नियोजनाचे जिवंत उदाहरण

वीज ही विलक्षण वस्तू आहे. धान्याप्रमाणे तिची कोठारे मोठ्या प्रमाणावर भरून ठेवता येत नाहीत. ज्या क्षणी ती वापरली जाते, जवळजवळ त्याच क्षणी ती निर्माण व्हावी लागते. मागणी आणि निर्मिती यांत तफावत पडली की जाळ्याची वारंवारिता ५० हर्ट्झपासून ढळू लागते, आणि ती फार ढळली तर एकामागून एक संच आणि वाहिन्या बंद पडतात. म्हणून भार प्रेषण केंद्रातील अभियंते चोवीस तासांचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडतात, प्रत्येक भागात किती वीज लागेल याचा अंदाज बांधतात, आणि चंद्रपूरचा कोणता संच किती चालवायचा, कोयनेची यंत्रे केव्हा सुरू करायची, हे ठरवतात. हल्लीच्या उन्हाळ्यांत राज्याची कमाल मागणी ३० हजार मेगावॅटच्या घरात जाते. हा सारा पसारा कळव्याच्या केंद्रातून हलतो.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात एक जुना वाद आठवल्याशिवाय राहत नाही. समाजवादी नियोजनात किमतींचा हिशेब बसवणे अशक्य आहे, असा आक्षेप लुडविग फॉन मिझेस यांनी १९२० साली घेतला. पुढे १९४५ साली फ्रीड्रिख हायेक यांनी असे प्रतिपादन केले की, समाजातील ज्ञान असंख्य माणसांत विखुरलेले असते, ते कोणत्याही मध्यवर्ती कार्यालयात गोळा करता येत नाही, आणि बाजारातील किंमत हाच ते ज्ञान एकमेकांपर्यंत पोचवण्याचा मार्ग आहे. पोलंडचे समाजवादी अर्थतज्ज्ञ ऑस्कर लांगे यांनी या वादाला उत्तर दिले. पन्नाशीच्या दशकात भारतात येऊन आपल्या नियोजनकारांना सल्ला देणारे ते हेच लांगे. त्यांच्या निधनानंतर १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या एका लेखात त्यांनी म्हटले होते की, बाजार हेसुद्धा हिशेब करण्याचे एक जुने साधन आहे, आणि तेच काम संगणक अधिक वेगाने करू शकतो. चिलीत अध्यक्ष अलेंदे यांच्या सरकारने १९७१ नंतर राष्ट्रीयीकृत कारखान्यांचा कारभार संगणकाच्या व दूरमुद्रकांच्या जाळ्याने जोडण्याचा प्रयत्न केला. १९७३ च्या लष्करी उठावात तो अर्ध्यावरच चिरडला गेला.

सॅन्टियागोत जे घडू दिले गेले नाही, त्याचा एक लहानसा पण खरा नमुना कळव्यात आजही चालू आहे. वीजबाजार अस्तित्वात आहे, वीज-विनिमयकेंद्रे आहेत, हे खरे. परंतु ऐन वेळी एखादा मोठा संच बंद पडला, तर त्या मिनिटाला जाळे सावरण्याचे काम बाजार करीत नाही. एक सार्वजनिक यंत्रणा आदेश देते, आणि खासगी असो वा सरकारी, प्रत्येक निर्मितीकेंद्राला तो मानावा लागतो. सार्वजनिक नियोजन कालबाह्य झाले असे सांगणाऱ्या पंडितांच्या घरातील दिवा याच नियोजनावर जळतो, हे त्यांच्या ध्यानात आणून दिले पाहिजे.

सूर्य, वारा आणि कोयनेचे पाणी

हवामानबदलाच्या संदर्भात या केंद्राचे महत्त्व अनेक पटींनी वाढले आहे. २०२१ साली ग्लासगो येथील परिषदेत भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे आणि २०३० पर्यंत ५०० गिगावॅट बिगर-जीवाश्म क्षमतेचे उद्दिष्ट जाहीर केले. २०२५ साली देशाच्या स्थापित वीजक्षमतेतील निम्मा वाटा बिगर-जीवाश्म साधनांचा झाला. परंतु स्थापित क्षमता आणि प्रत्यक्ष निर्मिती यांत गल्लत करता कामा नये. सूर्य संध्याकाळी मावळतो, वारा आपल्या लहरीने वाहतो, म्हणून प्रत्यक्षात तयार होणाऱ्या विजेचा मोठा वाटा अजूनही कोळशाचाच आहे.

कोळशाचा संच हुकमाप्रमाणे चालतो. सूर्य आणि वारा यांना हुकूम देता येत नाही, त्यांचा केवळ अंदाज बांधता येतो. सातारा-सांगलीच्या पठारांवरील पवनचक्क्या आणि मराठवाडा-विदर्भातील सौरप्रकल्प पुढील काही तासांत किती वीज देतील, हे उपग्रहांची चित्रे, हवामानाची मोजणी आणि संगणकीय गणित यांच्या साहाय्यानेच सांगता येते. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने २०१८ साली या अंदाजाविषयी व वेळापत्रकाविषयी स्वतंत्र विनियम केले, ते याच कारणाने. अंदाज जितका अचूक, तितके कोळशाचे संच राखीव म्हणून धगधगत ठेवण्याची गरज कमी. या अर्थाने डिजिटल तंत्रज्ञान हवामानबदलाशी लढण्याचे अस्सल हत्यार आहे, आणि ते आपण मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे.

पण येथेही राजकीय अर्थशास्त्र पाठ सोडत नाही. दिवसा सौर वीज भरपूर असते आणि सूर्य मावळताच घराघरांत दिवे-पंखे सुरू होतात. ही तूट भरून काढण्यास सर्वांत चपळ साधन म्हणजे जलविद्युत. ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्याच्या सीमेवर घाटघर येथे २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प २००८ पासून आहे. मागणी कमी असताना पाणी वर चढवायचे आणि मागणी वाढली की खाली सोडून वीज निर्माण करायची, हे त्याचे तंत्र. आणि सर्वांत मोठा आधार म्हणजे कोयना, जिची क्षमता १९६० मेगावॅट आहे. परंतु कोयनेचे पश्चिमेला वळवलेले पाणी पुन्हा कृष्णेला मिळत नाही. म्हणूनच कृष्णा पाणी तंटा लवादाने त्यावर वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली. तुटीच्या वर्षात कळव्याच्या पडद्यावर जो निव्वळ मेगावॅटचा आकडा दिसतो, तो सांगलीच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने उभ्या पिकाचे पाणी असतो. संगणक हा तोल गणिताने साधू शकेल, परंतु शेती आधी की शहराची संध्याकाळ आधी, याचा निर्णय गणित करीत नाही. तो निर्णय समाजाने करायचा असतो, आणि तो उघडपणे व्हावा लागतो.

अशीच गोष्ट 'मेरिट ऑर्डर'ची. ज्या संचाची वीज बदलत्या खर्चाच्या हिशेबाने स्वस्त, तो आधी चालवायचा, असा हा नियम आहे. सौर व पवन विजेला त्यात अग्रक्रम आहे, ही चांगली गोष्ट आहे. पण कोळशाच्या दोन संचांत निवड करताना, कोणता संच अधिक धूर ओकतो आणि त्याच्या राखेखाली कुणाची शेते आहेत, हा खर्च त्या गणितात धरला जात नाही. यंत्राला जे सांगितले, तेच ते मोजते. चंद्रपूर-कोराडीच्या परिसरातील माणसांच्या फुप्फुसांचा खर्च मोजायला त्याला अद्याप कुणी सांगितलेले नाही.

मोजणी ही सत्ता आहे

मोजणी सार्वजनिक हातांत असली म्हणजे काय होऊ शकते, याचा धडा महाराष्ट्राने दाभोळ प्रकरणात घेतला आहे. एन्रॉनविरुद्धच्या लढ्यात मृणालताई गोरे यांच्यासह आपल्या चळवळीतील अनेक कार्यकर्ते अग्रभागी होते, आणि पुण्याच्या 'प्रयास' संस्थेने कराराचे आकडे तपासून त्यातील अन्याय जनतेसमोर मांडला होता. पण सत्तेच्या दारात त्या युक्तिवादाला दीर्घकाळ दाद मिळाली नाही. पुढे २८ जानेवारी २००१ रोजी राज्य वीज मंडळाने दाभोळकडून पूर्ण क्षमतेची वीज मागितली. करारात दिलेल्या मुदतीत प्रकल्प ती देऊ शकला नाही. भार प्रेषणाच्या नोंदी मंडळापाशी होत्या. कोणत्या वेळी किती मागितले आणि किती मिळाले, हे त्यामुळे मिनिटागणिक दाखवता येत होते. मंडळाने कंपनीवर सुमारे ४०१ कोटी रुपयांच्या दंडाचा दावा लावला, कंपनीने तो नाकारला, आणि मे २००१ मध्ये मंडळाने करारच रद्द केला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेतील एन्रॉन दिवाळखोरीत गेली.

या घटनेचे महत्त्व वीजक्षेत्रापुरते नाही. जगातील एका बलाढ्य कंपनीला महाराष्ट्राच्या सरकारी अभियंत्यांनी ठेवलेली नोंद महागात पडली. ती नोंद कंपनीच्या मीटरवर, कंपनीच्या संगणकात आणि कंपनीच्या मालकीची असती, तर हा दंड लावता आला असता काय?

हाच प्रश्न शेतीपंपांच्या बाबतीत उलट्या बाजूने विचारावा लागतो. शेतीच्या नावावर दाखवलेला वीजवापर प्रत्यक्षाहून फुगवलेला आहे आणि त्याच्या आड गळती व चोरी लपवली जाते, हे प्रताप होगाडे आणि महाराष्ट्र वीज ग्राहक संघटना वर्षानुवर्षे सांगत आली. आयोगाने नेमलेल्या कार्यगटाने वाहिनीनिहाय अभ्यास केल्यानंतर २०२० च्या दरआदेशात शेतीचा हा वापर कमी धरण्यात आला. म्हणजे शेतकऱ्याला फुकटखाऊ ठरवणारा आकडाच मुळात खोटा होता. रोहित्रांवर आणि वाहिन्यांवर प्रामाणिक मोजणी झाली असती, तर ही बदनामी तीस वर्षे टिकली नसती. मोजणीचे तंत्र तेव्हाही उपलब्ध होते. ते वापरण्याची इच्छा नव्हती.

आधी कुणाला मोजायचे?

आता मोजणीची प्रचंड मोहीम सुरू झाली आहे, पण तिची दिशा पाहा. २००३ च्या वीज कायद्यानंतर २००५ साली राज्य वीज मंडळाचे विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण अशा कंपन्या झाल्या. भारनियमनाच्या काळात ज्या भागात गळती अधिक, तेथे अंधार अधिक, असे सूत्र लावण्यात आले. बिल वेळेवर भरणाऱ्या कामगारालाही केवळ तो गरीब वस्तीत राहतो म्हणून तासन्‌तास अंधारात बसावे लागले. पुढे १ मार्च २०२० पासून शीळ-मुंब्रा-कळवा विभागातील वितरणाचे काम टोरंट पॉवर या खासगी कंपनीकडे फ्रँचायझी म्हणून सोपवण्यात आले. ज्या कळव्यातून सबंध राज्याच्या विजेचे सार्वजनिक नियंत्रण चालते, त्याच कळव्यातील चाळीच्या मीटरचा कारभार खासगी हाती गेला, हा विरोधाभास कार्यकर्त्यांनी नीट ध्यानात घ्यावा.

२०२३ साली महावितरणने राज्यभर सुमारे सव्वादोन कोटी स्मार्ट मीटर बसवण्याची कंत्राटे दिली. एका मीटरचा खर्च सरासरी १२ हजार रुपयांच्या आसपास पडत होता. भांडुप, कल्याण, कोकण, पुणे आणि बारामती ही परिमंडळे अदानी समूहाच्या वाट्याला आली. ठिकठिकाणी विरोध झाला, तेव्हा जून २०२४ मध्ये, म्हणजे लोकसभेचे निकाल लागल्यावर आणि विधानसभेची निवडणूक समोर असताना, सर्वसाधारण ग्राहकांकडे स्मार्ट प्रीपेड मीटर बसवणार नाही, अशी घोषणा झाली. निवडणूक आटोपल्यावर तसेच मीटर 'टीओडी मीटर' या नव्या नावाने आणि पोस्टपेड पद्धतीने घरोघर येऊ लागले.

आपला विरोध मीटरला नाही. आपला प्रश्न क्रमाचा आहे. गळती शोधायची असेल तर प्रथम प्रत्येक वाहिनीवर आणि प्रत्येक रोहित्रावर मीटर हवा, आणि त्याचे वाचन सर्वांसाठी खुले हवे. तसे झाले की गळती वस्तीत होते, कारखान्यात होते की कंपनीच्या जुनाट तारांत होते, हे चटकन उघड होईल. घरगुती ग्राहकाच्या दारापासून मोजणीला सुरुवात करणे म्हणजे रेशनच्या दुकानातील काळाबाजार पकडण्यासाठी रांगेतील बायकांच्या पिशव्या तपासण्यासारखे आहे.

वेळेची किंमत आणि वेळेची मालकी

या मीटरचे समर्थन हवामानाच्या नावाने केले जाते. सौर वीज दिवसा मुबलक असते, म्हणून लोकांनी दिवसा वीज वापरावी, त्यासाठी त्यांना सवलत द्यावी, असा युक्तिवाद आहे. २०२५ साली जाहीर झालेल्या दररचनेत असे मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर प्रतियुनिट ८० पैशांपासून १ रुपयापर्यंत सवलत ठेवली गेली. कागदावर हा विचार शास्त्रशुद्ध आहे.

परंतु कळव्याच्या किंवा दिव्याच्या चाळीतील कुटुंबाचा दिवस कसा असतो? पुरुष सकाळी सातची गाडी पकडतो आणि रात्री नऊला परततो. बाई घोडबंदरला किंवा मुलुंडला घरकामाला जाते. मुले शाळेत असतात. घरातील वीज लागते ती पहाटे आणि रात्री, म्हणजे सवलत नसलेल्या वेळेत. दिवसा घरी बसून वातानुकूलन यंत्र आणि कपडे धुण्याचे यंत्र चालवणाऱ्या कुटुंबाला मात्र ही सवलत आपोआप मिळते. वेळेनुसार किंमत लावणारी पद्धत असे गृहीत धरते की, प्रत्येकाची वेळ त्याच्या स्वतःच्या मालकीची आहे. कामगाराने आपली वेळ तर आधीच विकलेली असते! मग त्याच्या संध्याकाळीला महाग ठरवणे हा हवामानाचा उपाय कसा होतो?

याचा अर्थ दिवसाची सौर वीज वाया घालवावी असा नाही. ती सामूहिक कामांना जोडली पाहिजे. महापालिकेचे पाण्याचे पंप, मलशुद्धीकरण केंद्रे आणि शीतगृहे यांचे वेळापत्रक दिवसाकडे सरकवता येते, आणि हे काम संगणक उत्तम करू शकतो. शेतीच्या बाबतीत तर याहून मोठी संधी आहे. रात्री-अपरात्री साप-विंचवांच्या भीतीने पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्याची दिवसा वीज मिळावी ही मागणी किती जुनी आहे! मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा २०२३ मध्ये सुरू झालेला दुसरा टप्पा, ज्याचे उद्दिष्ट पुढे १६ हजार मेगावॅटपर्यंत वाढवण्यात आले, त्या दिशेने जातो. त्यातील जमिनीचे भाडेपट्टे, कंत्राटदारांचा नफा आणि गायरानांचा वापर यांवर कडक नजर हवीच. परंतु दिवसा वीज हे उद्दिष्ट आपलेच आहे, आणि त्याचे श्रेय दुसऱ्याला देऊन मोकळे होण्याचे कारण नाही.

छपरांवरील सौर विजेचेही असेच आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने एक कोटी घरांसाठी सूर्य घर योजना आणली. पण चाळीत किंवा झोपडपट्टीत राहणाऱ्याला स्वतःचे छप्पर कुठे असते? येथे डिजिटल हिशेब खरोखर उपयोगी पडू शकतो. महापालिकेच्या शाळेच्या, रुग्णालयाच्या वा मंडईच्या छपरावर तयार झालेल्या युनिटांचा वाटा जवळच्या शंभर घरांच्या बिलांत वजा करणे, ही आजच्या संगणकाला अगदी किरकोळ बाब आहे. डॉ. राममनोहर लोहिया यांनी लहान यंत्राचा आग्रह धरला होता. लोकांच्या हाती राहणारे, त्यांच्या वस्तीत चालणारे, त्यांना समजणारे यंत्र, ही त्यांची कल्पना वस्तीच्या सहकारी सौर केंद्रात आज साकार होऊ शकते.

तंत्रज्ञानाचीही भूक असते

डिजिटल तंत्रज्ञान हवेवर जगत नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार जगातील डेटा सेंटरांनी २०२४ साली सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली. हा जगाच्या वीजवापराचा सुमारे दीड टक्का होतो. २०३० पर्यंत हा वापर दुपटीहून अधिक होऊन ९४५ अब्ज युनिटांच्या आसपास जाईल, असे ही संस्था सांगते. भारतातील डेटा सेंटरांच्या क्षमतेचा सर्वांत मोठा वाटा मुंबई-नवी मुंबई परिसरात आहे, आणि त्यातील बराचसा ऐरोली, रबाळे, महापे या आपल्याच पट्ट्यात एकवटला आहे. ज्या ठाणे-बेलापूर पट्ट्यात मफतलालसारखे कारखाने बंद पडून हजारो कामगार देशोधडीला लागले, तेथे आता खिडक्या नसलेल्या या इमारती उभ्या राहत आहेत. त्या गिरणीइतकी वीज खातात, पण गिरणीइतके हात कामाला लावीत नाहीत.

राज्याच्या २०२३ च्या माहिती तंत्रज्ञान धोरणाने या उद्योगाला सवलती देऊ केल्या. या पट्ट्याला औद्योगिक विकास महामंडळ बारवी धरणाचे पाणी पुरवते, आणि कळवा, मुंब्रा, दिवा या वस्त्यांची तहानही मोठ्या प्रमाणात त्याच महामंडळाच्या पाण्यावर भागते. तेव्हा यंत्रे थंड ठेवायला किती पाणी जाते, हे विचारण्याचा अधिकार हंडा घेऊन उभ्या असलेल्या बाईला आहे. दुसरीकडे ट्रॉम्बे येथील कोळशावरील संचांना मुदतवाढ मिळत गेली, आणि त्याचा धूर माहुल-चेंबूरच्या कष्टकऱ्यांच्या वाट्याला आला. विल्यम जेव्हन्स यांनी १८६५ सालीच दाखवले होते की, वाफेची यंत्रे काटकसरी झाली म्हणून इंग्लंडचा कोळसा वाचला नाही, उलट त्याचा खप वाढला. संगणकाच्या काटकसरीचे गुणगान करताना हे विसरता येणार नाही. घरातील पंख्याची मिनिटागणिक नोंद ठेवणारी व्यवस्था एका डेटा सेंटरचा वीज व पाण्याचा वापर प्रसिद्ध करण्यास कचरते, यातच तिचे वर्गचरित्र स्पष्ट होते.

सूचना आणि आसरा

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई अंधारात गेली. पडघा-कळवा वाहिनीचे एक मंडळ दुरुस्तीत असताना दुसऱ्यात बिघाड झाला. लोकल जागच्या जागी थांबल्या. ऐन कोरोनाच्या साथीत रुग्णालयांना जनित्रांचा आधार घ्यावा लागला. मार्च २०२१ मध्ये राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर घातपाताचा संशय व्यक्त केला, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक हे कारण सांगितले. कारण कोणतेही असो, बोध एकच निघतो. सर्व काही एका जाळ्यात गुंफले की त्या जाळ्याची देखभाल करणारा माणूस अधिक महत्त्वाचा होतो. महापारेषणमध्ये रिक्त पदे न भरता, कंत्राटी तंत्रज्ञांवर भार टाकून 'स्मार्ट' जाळे उभे करणे म्हणजे वाळूवर मनोरा बांधणे आहे.

दुसरी घटना १९ जुलै २०२१ ची. अतिवृष्टीत कळवा पूर्वेच्या घोलाईनगरात डोंगराचा भाग एका घरावर कोसळला आणि पाच जण मृत्युमुखी पडले. आदल्याच दिवशी चेंबूर आणि विक्रोळीत दरडी कोसळून अनेकांचे बळी गेले होते. पावसाचे इशारे आता रडार व उपग्रह यांच्या साहाय्याने पूर्वीपेक्षा लवकर मिळतात, ही निःसंशय प्रगती आहे. पण डोंगरउतारावर राहणाऱ्या माणसाच्या मोबाइलवर 'सुरक्षित स्थळी जा' असा संदेश आला, तर त्याने जायचे कुठे? तो तेथे हौसेने राहायला गेलेला नाही. कारखान्याजवळ परवडणारे घर त्याला कुणी दिले नाही, म्हणून तो डोंगर चढला. सूचना देण्याचे काम यंत्र करील. आसरा देण्याचे काम गृहनिर्माणाच्या धोरणाचे आहे, आणि त्याला पर्याय म्हणून संदेश पाठवून सरकारला जबाबदारीतून सुटू देता येणार नाही.

कार्यकर्त्यांपुढील काम

या विवेचनातून काही मागण्या सरळ निघतात. भार प्रेषण केंद्र कोणत्याही परिस्थितीत सार्वजनिक मालकीचे राहिले पाहिजे, आणि वीज कंपन्यांच्या दडपणापासून त्याला स्वायत्तता मिळाली पाहिजे. त्याच्या नोंदी सामान्य माणसाला समजतील अशा मराठीत रोजच्या रोज प्रसिद्ध झाल्या पाहिजेत. कोणता संच आधी चालवायचा हे ठरवताना उत्सर्जन आणि प्रदूषण यांचा हिशेब धरला गेला पाहिजे. घरगुती मीटरांच्या आधी वाहिन्या, रोहित्रे आणि मोठे ग्राहक यांची मोजणी झाली पाहिजे. ग्राहकाच्या वापराची माहिती कोणत्याही कंपनीला विकता येता कामा नये. डेटा सेंटरांनी वीज व पाणी यांचा वापर जाहीर करणे बंधनकारक असले पाहिजे, आणि त्यांच्या सवलती नव्या सौर व पवन विजेच्या प्रत्यक्ष निर्मितीशी बांधल्या गेल्या पाहिजेत. धोकादायक उतारांवरील कुटुंबांना इशाऱ्याबरोबर त्याच परिसरात पक्के घर मिळाले पाहिजे.

या मागण्या ठरावात लिहून भागणार नाही. हायेक यांच्या आक्षेपात एक तथ्य आहे, ते आपण प्रांजळपणे स्वीकारले पाहिजे. लोकांच्या अनुभवातील ज्ञान जेथे पोचत नाही, ते मध्यवर्ती नियोजन नोकरशाहीचे होते, समाजवादाचे होत नाही. बाजार हा त्यावरचा उपाय नव्हे. लोकांचा जाणता सहभाग हाच त्यावरचा उपाय आहे. नियामक आयोगापुढे दरवाढीची प्रकरणे येतात तेव्हा हरकती मागवल्या जातात, सुनावण्या होतात. तेथे कंपन्यांचे वकील आकड्यांच्या थप्प्या घेऊन हजर असतात, आणि आपल्या बाजूने वीज ग्राहक संघटनेसारखे मोजके जाणकार एकाकी झुंज देतात. हे चित्र बदलणे आपल्या हातात आहे. कळवा, मुंब्रा, दिवा, डोंबिवली येथील प्रत्येक शाखेने दोन-तीन कार्यकर्ते या कामासाठी तयार करावेत. अभ्यासवर्गात राज्याचा चोवीस तासांचा भारवक्र फळ्यावर काढून तो वस्तीच्या बिलांशी ताडून पाहावा. आपल्या भागातील किती रोहित्रांवर मीटर आहेत, याची माहिती अधिकाराखाली विचारणा करावी. चार महिन्यांत हे काम होण्यासारखे आहे, आणि येत्या सुनावणीत त्यातील प्रत्येक आकडा मोर्चाइतकाच उपयोगी पडेल.